'झ म लाव' मधला 'म' सोडू नको

भाऊ, फ्रेंचमधल्या 'स लावे' (म्हंजे स्वतःले धुणे) या क्रियापदाचा तक्ता नुसता वहीत लिहून पाठ नको करू, सकाळी मोरीत तोंड धुता धुता मोठ्यानं म्हण, झ म लाव, तू त लाव, इल स लाव, नू नू लावों, घरचे हसले तरी हसू दे. स्वतःले धुतो तवाच 'म' लागते, पोळ्याले बैल धुतला तर नुसतं 'झ लाव ल बफ', तिथं 'म' घातला का बिघडलंच. आन् हात धुतले तर 'झ म लाव ले मँ', 'माझे' म्हणायचंच नाही, आपले पोट्टे इथंच हमखास 'मे मँ' करतात. भूतकाळात मदतीले 'आव्वार' (जवळ असणे) हे क्रियापद नाही, 'एत्र' (असणे) लागते, 'झ म स्वी लावे', पण आधी वर्तमानकाळ तोंडात पक्का बसू दे.