वर्कशॉपची प्रश्नोत्तरे : हार्डनेसचा आकडा आणि तुटलेली सळई

प्रश्न : २० मिमी व्यासाच्या पिना आम्ही बाहेरून हार्डन करून घेतो. हीट ट्रीटमेंटवाल्याच्या रिपोर्टवर ६० एचआरसी (रॉकवेल सी स्केलवरचा कडकपणा) असतो, आमच्या रॉकवेल मशीनवर ५६ भरतो. माल परत पाठवायचा का? (अंबड)

उत्तर : एवढ्यात नको. रॉकवेल मशीन हिऱ्याचे टोक जॉबमध्ये दाबून ते किती खोल गेले ते मोजते; एचआरसीचा एक पॉइंट म्हणजे त्या टोकाची ०.००२ मिमी खोली. तुमचा सगळा वाद ८ मायक्रॉनचा आहे, आणि तेवढी धूळ जॉब ज्यावर ठेवतात त्या ऐरणीखाली सहज बसते. लोड पडला की ती दबते, मशीनला वाटते टोक खोल गेले, आकडा उतरतो. म्हणून आधी स्क्रूवरची ऐरण काढा, तिची बूड आणि बैठक कापडाने कोरडी पुसा, बर (उठलेली धार) असेल तर ऑइलस्टोन फिरवा. पिनेसाठी सपाट ऐरण वापरत असाल तर ती बदलून व्ही-ऐरण (गोल जॉबसाठी खाच असलेली) लावा.

मग ६० च्या आसपासचा टेस्ट ब्लॉक (ज्याचा हार्डनेस आधीच ठाऊक असतो तो ठोकळा) घ्या. त्याची वरचीच बाजू वापरायची; उलटून खालच्या बाजूवर ठसे मारलेले ब्लॉक सातपूर-अंबडच्या बऱ्याच टूलरूममध्ये दिसतात, ते आता फक्त पेपरवेट म्हणून कामाचे. ऐरण किंवा इंडेंटर (हिऱ्याचे टोक) बदलल्यावरची पहिली दोन रीडिंग सोडून द्या, पुढची पाच लिहा. १० किलोचा प्राथमिक लोड देताना छोटा काटा खुणेवर थांबवा. पुढे गेला तर चाक उलटे फिरवून जुळवू नका, जागा बदलून पुन्हा घ्या. १५० किलोचा पूर्ण लोड १ ते ८ सेकंदांत, एकसारखा उतरला पाहिजे. लीव्हर सोडताच काटा धाडकन पळत असेल तर डॅशपॉटचे (लोड हळू उतरवणाऱ्या नळकांड्याचे) तेल कमी झाले आहे. टोक आपटून खोल जाते आणि रीडिंग कमी येते. शेजारी पॉवर प्रेस चालू असला तरी हेच होते. हे मशीन प्रेसशॉपच्या भिंतीला लावून ठेवणे म्हणजे स्वतःहून भांडण ओढवून घेणे.

ब्लॉक बरोबर दाखवत असेल तर दोष पिनेत किंवा मोजण्याच्या जागेत आहे. हीट ट्रीटमेंटवाला पिनेच्या तोंडावर मोजतो आणि तुम्ही अंगावर, असे तर नाही ना? गोल अंगावर रीडिंग कमीच येते, पण २० मिमी व्यासाला आणि इतक्या हार्डनेसला तो फरक अर्ध्या-एक पॉइंटाच्या घरात असतो. चार पॉइंटांचा हिशेब त्याने जुळत नाही. इथे जास्त संशय डीकार्बचा. भट्टीत वरच्या कातडीतला कार्बन जळाला की वरचा थर मऊ राहतो. एका पिनेवर कूलंट चालू ठेवून ०.२ मिमी ग्राइंड करा आणि त्याच जागी मोजा. आकडा ५६ वरून ५९-६० वर चढला तर डीकार्ब नक्की, आणि तेव्हा माल परत पाठवायला तुमच्याकडे पुरावा आहे. ग्राइंडिंग कोरडे करू नका. निळा रंग आला की जॉब तिथे टेंपर होऊन मऊ झाला.

एक उलटी खूणही लक्षात ठेवा. हिऱ्याचे टोक बोथट झाले की ते कमी खोल जाते, म्हणजे आकडा वाढतो. ब्लॉकवर सगळेच जास्त दिसायला लागले की टोक भिंगाखाली बघा.

प्रश्न : कार्बोनायट्रायडिंग केलेल्या (पृष्ठभागात कार्बन-नायट्रोजन मुरवून कडक केलेल्या) बुशांवर केस (वरचा कडक थर) ०.३ मिमी आहे. एचआरसी कधी ५८, कधी ४९. (सिन्नर)

उत्तर : ०.३ मिमी केसवर एचआरसी घ्यायचाच नाही. ६० एचआरसीला टोक सुमारे ०.०८ मिमी खोल जाते. हिऱ्याच्या टोकाखाली त्याच्या दहापट, म्हणजे ०.८ मिमी तरी कडक थर लागतो. तुमच्याकडे त्याच्या निम्माही नाही, त्यामुळे १५० किलोखाली केस पाटीसारखी आतल्या मऊ गाभ्यात दबते आणि तुम्ही केस आणि गाभा यांची खिचडी मोजता. १५-एन हे हलक्या लोडचे रॉकवेल स्केल वापरा, त्यात प्राथमिक लोड ३ किलो आणि एकूण १५. केसची खोली मागितली असेल तर बुश कापून, पॉलिश करून व्हिकर्स (बारीक ठशाच्या) चाचणीने एक किलो लोडवर कडेपासून आत मोजत जायला हवे. ५५० एचव्ही या व्हिकर्स आकड्यापर्यंत जेवढे अंतर येते ती परिणामकारक केस. ड्रॉइंगवर नुसते «५८ एचआरसी» लिहिले असेल तर ग्राहकाला आधी स्केल विचारून घ्या.

प्रश्न : १६ मिमी एफई ५०० डी ग्रेडच्या टीएमटी सळईचा तुकडा ओढचाचणीत मशीनच्या जबड्याजवळ तुटला. लॅब म्हणते पुन्हा द्या. टर्निंग करून मधे बारीक केला तर चालेल का? शिवाय ताण काढताना क्षेत्रफळ कोणते धरायचे? (गंगापूर रोडवरील साइट)

उत्तर : टर्निंग अजिबात नाही. टीएमटीची ताकद तिच्या बाहेरच्या कडक कड्यात असते, आतला गाभा मऊ. लेथवर चढवली की कडे निघून जाते आणि चांगली सळईही नापास होते. आहे तशीच, फासळ्यांसकट ओढायची.

क्षेत्रफळ व्हर्नियरने काढू नका, फासळ्यांमुळे ते फसवते. वजनावरून काढा : किलोमधले वजन भागिले (०.००७८५ गुणिले मीटरमधली लांबी). समजा ०.६ मीटरचा तुकडा ०.९२० किलो भरला, तर क्षेत्रफळ १९५.३ चौरस मिमी. यील्ड (सळई कायमची लांबायला लागते ती जागा) १०४ किलोन्यूटनला आणि कमाल लोड १२२ ला आला, तर ताण ५३२ आणि ६२५ न्यूटन प्रति चौरस मिमी, दोन्हींचे गुणोत्तर १.१७. आयएस १७८६ या भारतीय मानकाला या ग्रेडसाठी यील्ड किमान ५००, कमाल ताण किमान ५६५, गुणोत्तर किमान १.१० आणि लांबीवाढ किमान १६ टक्के हवी. कागदावरचे २०१ चौरस मिमी धरले असते तर यील्ड ५१७ वर उतरला असता. पास-नापासाच्या सीमेवरच्या मालाला एवढा फरक पुरतो.

जबड्याजवळ तुटली म्हणून चाचणी आपोआप बाद होत नाही. तुटलेली जागा जवळच्या गेज खुणेपासून (लांबीवाढ ज्या दोन खुणांमध्ये मोजतात त्यांतली एक) गेज लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी अंतरावर असेल तर लांबीवाढीवर शंका घेतात, पण तरीही वाढ १६ टक्के किंवा जास्त भरली तर ती मान्य होते. म्हणून नुसत्या दोन खुणा न करता तुकड्यावर सलग दर १० मिमीला खुणा करा. कुठेही तुटली तरी ८० मिमी गेज लांबी हाताशी राहते. खुणा हलक्या हाताने करा, पंच खोल मारला की सळई नेमकी तिथूनच तुटते.

पुन्हा-पुन्हा जबड्यापाशीच तुटत असेल तर जबड्यांचे दात आणि मापाची जोडी तपासायला सांगा. दात झिजले की सळई सरकते, आलेखावर पायरी पडते आणि नवखा ऑपरेटर तिलाच यील्ड समजतो. थंडीत आणखी एक. जानेवारीत सकाळी नाशिकच्या शेडमध्ये तेल घट्ट असते. यूटीएमचा (सळई ओढणाऱ्या मशीनचा) पंप १०-१५ मिनिटे रिकामा चालवल्याशिवाय पहिला तुकडा लावू नये. आणि ८ मिमीची सळई १००० किलोन्यूटनच्या मशीनवर देऊ नका : ती ३० च्या आसपास तुटते, आणि पुष्कळ मशीनचे कॅलिब्रेशन तिथवर खाली केलेलेच नसते. सर्टिफिकेटवर पहिला लोड किती आहे ते वाचा.

प्रश्न : एफजी २६० (ग्रे कास्ट आयर्न) कास्टिंगला ब्रिनेल हार्डनेसच का? रॉकवेल पटकन होते. (सातपूर)

उत्तर : कारण ग्राफाइटच्या पाकळ्या. रॉकवेलचे बारीक टोक कधी पाकळीवर पडते, कधी लोखंडावर. १० मिमीची गोळी ३००० किलोने दाबली की ठसा चार मिलिमीटरच्या घरात येतो आणि सरासरी मिळते. वाळूची कातडी दीड-दोन मिमी काढून मग मोजा. ठशाचे दोन काटकोनातले व्यास घ्या : ४.० मिमीला २२९, ४.१ ला २१७. म्हणजे ठसा मोजायच्या स्कोपची रेष ०.१ मिमीने चुकली की बारा पॉइंट गेले.

प्रश्न : खिशातला उसळीवाला हार्डनेस टेस्टर छोट्या गिअरवर चालेल का? (सिडको)

उत्तर : डी प्रकारच्या टेस्टरला जॉब साधारण ५ किलोच्या वर हवा. २ ते ५ किलोचा असेल तर जड टेबलावर घट्ट धरून चालतो, २ किलोपेक्षा हलका असेल तर वंगणाचा पातळ थर देऊन जाड प्लेटला चिकटवावा लागतो. नाहीतर जॉबच हलतो, उसळी कमी होते आणि कडक गिअर मऊ दिसतो. छोटा गिअर सरळ रॉकवेलवर न्या.