कृषी सल्ला: कोळसा खाणीचे पाणी ओलिताला देण्याआधी

प्रश्न (सावनेर व उमरेड तालुक्यांतील शेतकरी): खाणीतून उपसलेले पाणी वावराजवळच्या नाल्यातून वाहते. दिसायला नितळ आहे. संत्रा, गहू, कपाशीला चालेल का? तपासायचे काय?

उत्तर: पुष्कळदा चालते, पण नितळपणावरून ठरवू नका. घातक क्षार विरघळलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

कोळशातल्या पायराइटला हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते, म्हणून खाणीचे पाणी आम्लधर्मीच असते असा समज आहे. आपल्याकडच्या गोंडवाना कोळशात गंधक साधारणपणे एक टक्क्याच्या आत असते आणि तयार झालेले आम्ल खडकातले कार्बोनेट बरेचसे शमवतात. त्यामुळे सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप; 7 म्हणजे उदासीन) बहुधा सातच्या आसपास किंवा वर राहतो. वाढतात ते सल्फेट, जडपणा आणि बायकार्बोनेट. सामू पाचच्या खाली आला तर ते पाणी पिकाला देऊच नका.

काळ्या जमिनीला खरा धोका बायकार्बोनेटचा. ते कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात खाली बसवते, मागे सोडियम उरतो, मातीचे कण सुटतात आणि जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होऊ लागते. पाणी दिल्यावर ते वरच साचून राहणे, वाळल्यावर कडक पापुद्रा येणे ही त्याची लक्षणे.

नमुना दोन ठिकाणी घ्या: पंपाच्या तोंडाशी आणि तुमच्या वावराजवळ. मधल्या वाटेत मातीच्या ढिगाऱ्यांचे पाणी मिसळते. एक लिटरची प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि हवा न ठेवता काठोकाठ भरा. सामू जागेवरच मोजा, कारण कार्बन डायऑक्साइड उडून गेला की तो बदलतो. लोह व मँगनीजसाठी प्रयोगशाळेकडूनच नायट्रिक आम्ल घातलेली वेगळी बाटली मागा. साध्या बाटलीत लोह तळाशी बसते आणि अहवालात कमी दिसते. नमुने बर्फाच्या डब्यात ठेवून 24 तासांत पोहोचवा.

अहवाल आला की आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये बदला, म्हणजे वेगवेगळ्या क्षारांची एकमेकांशी तुलना करता येते. मिलिग्रॅम प्रति लिटरला कॅल्शियमसाठी 20, मॅग्नेशियम 12.2, सोडियम 23, बायकार्बोनेट 61, क्लोराइड 35.5 आणि सल्फेटसाठी 48 ने भागा. समजा कॅल्शियम 40, मॅग्नेशियम 24, सोडियम 230, बायकार्बोनेट 366, क्लोराइड 142, सल्फेट 192 आहे. म्हणजे अनुक्रमे 2, 2, 10 आणि 6, 4, 4. पहिले तीन धनभारित आणि नंतरचे तीन ऋणभारित; दोन्ही बाजूंची बेरीज 14 जुळली, म्हणजे तपासणी विश्वासाची. फरक मोठा आला तर नमुना पुन्हा द्या. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज 4, बायकार्बोनेट 6. शिल्लक सोडियम कार्बोनेट, म्हणजे आरएससी, 2. ती 1.25 च्या आत सुरक्षित, 2.5 पर्यंत सांभाळून, त्यापुढे नको. या उदाहरणात सोडियम शोषण गुणोत्तर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचा जोर, सुमारे 7 येते. विद्युत वाहकता (पाण्यातल्या एकूण क्षारांचे माप) वरच्या 14 या बेरजेच्या दहाव्या भागाइतकी, अंदाजे 1.4 डेसिसायमन प्रति मीटर, निघायला हवी. ती 2.25 च्या वर गेली तर भारी जमिनीत हे पाणी टाळलेले बरे.

अशा पाण्याची आरएससी एकने उतरवायला एकरी 5 सेंटिमीटरच्या एका पाळीला 70 टक्के शुद्धतेचे सुमारे 25 किलो जिप्सम लागते. ते एकदम फेकू नका. जिप्सम हळू विरघळते, म्हणून पोत्यात भरून पाटाच्या प्रवाहात ठेवा. बोअरचे गोडे पाणी असेल तर आलटून-पालटून द्या, उगवणीच्या वेळी मात्र गोडेच.

ठिबक असेल तर लोह पाहा. ते लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेले की ड्रिपर हमखास बुजतात. पाणी उंचावरून खडीवर पाडून हवा खेळवा, तांबूस गाळ टाकीत बसू द्या, मग वाळूच्या फिल्टरमधून सोडा. नाल्यावर तेलकट दिसणारा तवंग काडीने ढवळून पाहा: काचेसारखे तुकडे झाले तर लोहजिवाणूंचा, पुन्हा जुळून आला तर खरोखरच तेलाचा. तेलाचे पाणी घेऊ नका.

संत्र्यासाठी बोरॉन वेगळा तपासून घ्या, लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमच्या वर पानांचे शेंडे व कडा करपण्याचा धोका सुरू होतो. कोराडी-खापरखेड्याकडे औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या बंधाऱ्याचे पाणी त्याच नाल्यात येत असेल तर ही तपासणी चुकवूच नका, कारण राखेतून बोरॉन सुटतो. पावसाळ्यात पाणी पातळ होते, म्हणून ऑक्टोबरच्या अहवालावर उन्हाळा काढू नका. मे महिन्यात दुसरा नमुना द्या.