लंडनच्या फ्लॅटमध्ये ९.५ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर लावायला किती जाडीची केबल लागेल?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट दुसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, गॅस नाही, हॉब (म्हणजे शेगडी) आणि ओव्हन विजेवर, गरम पाण्याचा सिलिंडर म्हणजे साठवणीची टाकी आहे, मीटर तळमजल्यावरच्या कपाटात आणि तिथून ६३ अँपच्या फ्यूजवरून साधारण २२ मीटरची १० एमएम केबल (म्हणजे तांब्याच्या तारेचं क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर) तुमच्या बोर्डात येते. एक इलेक्ट्रिशियन म्हणाला शॉवरला ६ एमएम चालेल, दुसरा म्हणाला १० एमएम टाका आणि खालून येणारी केबलपण बदला, आणि आता तुम्हाला वाटतंय की दुसरा लुबाडतोय. मी इथे बरीच वर्षं हेच काम करतोय, मला तरी दुसरा माणूस बरोबर वाटतो.

आधी पुण्याचा गीझर डोक्यातून काढा. आपल्याकडचा इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा, म्हणजे १३ अँप. इथला हा शॉवर ४० अँपच्या आसपास ओढतो. करंट तिप्पट झाला की केबलमधली उष्णता तिप्पट नाही, नऊपट होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. आणि एवढी वीज कशाला लागते तर जानेवारीत इथलं नळाचं पाणी ७-८ डिग्रीला येतं, ते वाहता वाहता ४० पर्यंत न्यायचं असतं, तरी ९.५ किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम सव्वाचार लिटर मिळतं, म्हणजे १५ लिटरची बादली भरायला साडेतीन मिनिटं.

बॉक्सवरचे ९.५ किलोवॅट हे बहुतेक वेळा २४० व्होल्टला दिलेले असतात, तेव्हा ३९.६ अँप. २३० ला तोच शॉवर साधारण ८.७ किलोवॅट आणि ३८ अँप. आपण ४० धरून चालू.

आता केबल. लोक विचारतात "९.५ ला किती एमएम" आणि उत्तराला एकच आकडा हवा असतो, पण तो आकडा शॉवरच्या बॉक्सवर नसतो, केबल कुठून कुठून जाते त्यावर असतो. इथल्या वायरिंगच्या नियमांत, म्हणजे बीएस ७६७१ मध्ये, साध्या ट्विन अँड अर्थ केबलचे (घरात वापरतात ती चपटी, दोन तारा आणि अर्थची) जे आकडे आहेत ते बघा. ६ एमएम भिंतीवर उघडी क्लिप केली किंवा प्लास्टरखाली गाडली तर ४७ अँप, म्हणजे तुमचा पहिला इलेक्ट्रिशियन खोटं बोलत नव्हता. तीच केबल सीलिंगवर टाकून वर इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणारा, १०० मिलिमीटर जाडीपर्यंतचा थर असेल तर ३४. इन्सुलेशन १०० च्या वर असेल तर २७! १० एमएमला हेच आकडे ६४, ४५ आणि ३६ आहेत. तुमच्या डोक्यावर लॉफ्ट म्हणजे छपराखालचा माळा आहे आणि हल्ली लॉफ्टमध्ये इन्सुलेशनची २७० मिलिमीटर जाडीची लोकर सर्रास घालतात. म्हणजे तिच्याखालून नेली तर १० एमएमसुद्धा ४० अँपला पुरत नाही. उपाय सोपा आहे, १० एमएम घ्यायची आणि लोकरीच्या वरून, लाकडाला क्लिप करून न्यायची, आणि खाली उतरताना इन्सुलेशन भरलेली पार्टिशनची भिंत टाळायची. अख्ख्या वाटेत मीटरभर जागा जरी वाईट असली तरी माप त्या मीटरभराचंच धरावं लागतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सगळा धोका इथेच आहे. लोक म्हणतात केबल बारीक पडली तर एमसीबी (बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच) पडेल की. नाही पडणार. शॉवर ४० ओढतो, एमसीबी ४० चा आहे, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय, केबल लोकरीत गुदमरतेय हे त्याला कळायला मार्गच नाही. आरसीडी हा दुसरा सुरक्षा स्विच तर विजेची गळती बघतो, उष्णतेशी त्याचा संबंध नाही. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं केबल भाजते आणि परत गार होते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

हॅरोमध्ये एका मराठी कुटुंबाकडे मी गेलो होतो, शाकाहारी घर, आणि तक्रार काय तर बाथरूमच्या बाहेर सडक्या मासळीचा वास येतो. तापलेल्या स्विच-सॉकेटच्या प्लास्टिकचा वास अगदी तसाच असतो, म्हणून दारातूनच मी त्यांना मेन बंद करायला सांगितलं. छताला दोरीचा स्विच होता, पांढऱ्याचा पिवळा-तपकिरी झालेला. उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता, ६ एमएमच्या वायरचं निळं आवरण बोटभर लांबीपर्यंत काळं पडलेलं, वाकवलं की पापडासारखं मोडत होतं. मागच्या फिटरने जुन्या ७ किलोवॅटच्या जागी १०.५ चा शॉवर बसवला होता आणि केबल तीच ठेवली होती. घरात दोन लहान मुलं, मला त्या दिवशी फार राग आला होता. म्हणून तुम्हाला सांगतो, ५० अँपचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच चांगला घ्या आणि स्क्रू नीट आवळले का हे इलेक्ट्रिशियनला तोंडावर विचारा, त्यात लाजायचं काय.

आता खालून येणारी केबल, जिच्यासाठी तुम्हाला दुसरा माणूस लुबाडणारा वाटला. हिशोब बघा. शॉवर २३० व्होल्टला ३८ अँप, यात काही सूट नाही. हॉब आणि ओव्हन मिळून १० किलोवॅट धरले तर ४३ अँप होतात, पण सगळं एकदम पूर्ण चालत नाही म्हणून पहिले १० अँप पूर्ण आणि उरलेल्याचे ३० टक्के असं धरतात, ते झाले २०. सिलिंडरमधलं पाणी तापवणारा इमर्शन हीटर १३. झाले ७१, आणि अजून केटल, वॉशिंग मशीन, खोलीतले हीटर काहीच धरलं नाही. फ्यूज ६३ चा. तो ७१ ला लगेच उडत नाही, बराच वेळ तग धरतो आणि तेवढा वेळ केबल तापते, मग एखाद्या सकाळी अंगाला साबण लावलेला असताना उडतो आणि तो असतो खाली कुलुपातल्या कपाटात.

दुसरं, ती १० एमएम उघडी क्लिप असेल तरच ६४ अँपची. फ्लॅटच्या इमारतीत बहुतेक वेळा सगळ्या फ्लॅटच्या केबल एकाच डक्टमधून एकत्र बांधून वर येतात. सहा केबल अशा चिकटून असतील आणि सगळ्या सारख्याच भरलेल्या धरल्या तर ०.५७ ने गुणायचं, म्हणजे ६४ चे ३६ राहतात. तुमची कशी आलीय ते बघितल्याशिवाय कोणीच "चालेल" म्हणू नये. व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे लांब केबलमध्ये कमी होणाऱ्या व्होल्टची, मात्र काळजी नको, २२ मीटरला ६० अँपवर १० एमएममध्ये ५.८ व्होल्ट जातात, बोर्डापासून शॉवरपर्यंतच्या ८-१० मीटरचे दीड-पावणेदोन, आणि मर्यादा ११.५ ची आहे. तुमची अडचण ड्रॉपची नाही, उष्णतेची आहे.

बदलायचीच तर लोक बहुतेक २५ एमएमची आर्मर्ड (पोलादी तारांचं कवच असलेली) टाकतात, म्हणजे पुन्हा हात लावायला नको. पण ती केबल जिन्यातून, डक्टमधून जाते आणि ती जागा सहसा फ्रीहोल्डरची म्हणजे इमारतीच्या मालकाची असते, तेव्हा आधी मॅनेजिंग एजंटकडून लेखी परवानगी. इमारतीचा मेन फ्यूज वाढवणं हे तर डीएनओचं, म्हणजे भागातल्या वीज वितरण कंपनीचं काम, त्याच्या सीलला कोणीही हात लावायचा नाही.

मी तुमच्या जागी असतो तर वेगळंच केलं असतं. सिलिंडर आहेच ना, मग मिक्सर शॉवर (टाकीतलं गरम आणि नळाचं थंड पाणी मिसळणारा) आणि गरज असेल तर एक पंप, पंपाला काही मोठी केबल लागत नाही आणि पाण्याची धार ९.५ किलोवॅटपेक्षा कितीतरी चांगली. इलेक्ट्रिकच हवा असेल तर ७.५ किलोवॅटचा बघा, तो २३० व्होल्टला ३० अँपवर भागतो, पण हिवाळ्यात धार बारीक असेल, आणि खालच्या केबलचा हिशोब तरीही करावाच लागेल, कारण ७१ चे ६३ होतील, म्हणजे काठावरच.

काहीही ठरवा, शॉवरचं नवीन सर्किट म्हणजे इंग्लंडमध्ये पार्ट पी या बांधकाम नियमाखाली कौन्सिलला कळवायचं काम आहे, तेव्हा एनआयसीईआयसी किंवा नापिट या इलेक्ट्रिशियनांच्या नोंदणी संस्थांमध्ये नोंदलेला माणूसच घ्या, ३० मिलीअँपचा आरसीडी हवाच आणि काम झाल्यावर सर्टिफिकेट हातात घ्या, फ्लॅट विकताना वकील मागतो. दोन्ही इलेक्ट्रिशियनना एकच प्रश्न विचारा, "केबल कुठल्या वाटेने नेणार आणि त्या वाटेवर ती किती अँपची?" जो लॉफ्टमध्ये चढून, खालचं कपाट उघडून मग उत्तर देईल त्याला काम द्या. तोवर शॉवरचा बॉक्स फोडू नका, दुकानात परत करता येईल.