आनंद दिघे गेले तेव्हा अख्खं ठाणं रस्त्यावर का आलं?

तुम्ही विचारलंय, कधी निवडणूकही न लढवलेल्या माणसासाठी एवढी माणसं कशी जमली. मी तेव्हा बारावीत होतो, राहायला चरईत. जे पाहिलं ते सांगतो.

दिघेसाहेब शिवसेनेचे ठाण्याचे जिल्हाप्रमुख. आमदार नाही, नगरसेवक नाही. पण टेंभी नाक्यावर आनंद आश्रमात रात्री उशिरापर्यंत लोक हातात कागद घेऊन बसलेले असायचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याने बाबांचा तीन महिन्यांचा पगार अडकवला होता, तेव्हा आईही जाऊन बसली. नंबर लागेपर्यंत मध्यरात्र उलटली. पण पगार मिळाला. तेव्हापासून दर राखीपौर्णिमेला ती तिथल्या बायकांच्या रांगेत उभी राहायची. आम्हाला मामा नाही. आई म्हणायची, आहे की टेंभी नाक्यावर.

2001 ची राखी बांधून तीन आठवडेही झाले नव्हते. ऐन गणपतीत त्यांच्या गाडीला अपघात झाला. पायाला लागलंय, होतील बरे, असंच जो तो म्हणत होता. 26 ऑगस्टला, रविवारी, ते गेले. वय जेमतेम पन्नाशीचं.

त्या रात्री जमावाने रुग्णालय पेटवलं. त्याचं समर्थन मी तेव्हाही केलं नाही, आजही करत नाही. तिथल्या आजारी माणसांना हलवावं लागलं. आणि साहेबांकडे निम्मी माणसं यायची ती कुणाच्या तरी आजारपणाचं गाऱ्हाणं घेऊनच.

अंत्ययात्रेच्या दिवशी दुकानं बंद, मंडळांचे स्पीकर बंद. आमच्या चाळीतली आरती टाळ न वाजवता झाली. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलऱ्या, गच्च्या, झाडंसुद्धा भरलेली. घोषणा पुढून यायच्या, पण आमच्या आसपास बहुतेक बाया होत्या आणि त्या नुसत्या रडत होत्या. शेजारच्या भाजीवाल्या मावशी परत परत एकच म्हणत होत्या, "आता कुणाकडं जायचं?" तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. त्या गर्दीत पक्षाचे होते, पण त्याहून जास्त आईसारखे होते, ज्यांचं कधी ना कधी काहीतरी अडलं होतं.

आईच्या पिशवीत घरच्या गणपतीसाठी सकाळी घेतलेली झेंडूची फुलं होती. गाडी समोर आली तशी तिने सगळी पिशवी त्या गाडीवर रिकामी केली. घरी येऊन बाप्पापुढे नुसत्या दूर्वा वाहिल्या.