दोन डोस घेऊनही कोरोना झाला, मग लस शरीरात जाऊन करते तरी काय?

तुम्ही विचारलंय की दोन डोस घेऊनही मला कोरोना झाला मग लसीचा उपयोग काय, आणि पुढे परत साथ आली तर तरुण धडधाकट माणसानं लस घ्यायचीच कशाला. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न घरात, वर्गात, लग्नकार्यात सगळीकडे माझ्यापर्यंत येतो. आणि प्रश्न अगदी रास्त आहे, कारण लस घेतली की विषाणू अंगात शिरणारच नाही अशीच सगळ्यांची समजूत झाली होती आणि ती वेळेवर कुणी दुरुस्त केली नाही.

पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी माझ्या काखेत एक दुखरी गाठ हाताला लागली, वाटाण्याहून थोडी मोठी. सगळं माहीत असूनही मी क्षणभर घाबरलेच. पण खरं काम तिथेच चालू असतं. सुई टोचतात दंडात, तिथल्या काही पेशी लसीतले विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे उचलतात (किंवा एमआरएनए लस असेल, म्हणजे ते प्रथिन बनवायची कृती पेशीला देणारी लस, तर आपल्याच पेशी ते प्रथिन बनवतात, आणि तो एमआरएनए काही दिवसांत विरघळून जातो, पेशीच्या केंद्रकात तो जातच नाही) आणि ते तुकडे घेऊन काखेतल्या लसिकाग्रंथीत जातात. तिथे बी आणि टी पेशींची, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची, प्रचंड गर्दी असते, प्रत्येकीचा साचा वेगळा. त्यातल्या ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा बरोबर बसतो त्या भराभर वाढायला लागतात, म्हणून ग्रंथी सुजते. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं: वाढता वाढता बी पेशी आपल्या अँटीबॉडीच्या (विषाणूला चिकटून त्याला अडवणाऱ्या प्रथिनाच्या) जीनमध्ये बारीक बारीक बदल करत राहतात, ज्यांची पकड सुधारली त्या टिकतात, बाकीच्या मरतात, आणि ही निवड कित्येक आठवडे चालते. दोन डोसमध्ये अंतर ठेवतात त्याचं एक कारण हेच. पुरेशा अँटीबॉडी दिसायलाच दहा दिवस ते दोन आठवडे जातात, त्यामुळे डोस घेतल्यावर चौथ्या दिवशी कुणाला कोरोना झाला तर त्यात लसीचा दोष नाही, तिचं काम तोवर झालेलंच नसतं.

आता तुम्हाला का झाला ते. रक्तातल्या अँटीबॉडी काही महिन्यांत कमी होतात, ते नॉर्मलच आहे, दर आजाराच्या अँटीबॉडी कायम भरभरून ठेवल्या तर रक्तात जागाच उरणार नाही. मागे राहतात त्या स्मृती पेशी, म्हणजे तो विषाणू लक्षात ठेवणाऱ्या बी आणि टी पेशी. विषाणू आला की त्या जाग्या होतात, पण कामाला लागायला त्यांना तीन-चार दिवस तरी हवेत, आणि कोरोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार साधारण तीन दिवसांतच लक्षणं दाखवायचा. शिवाय दंडात घेतलेल्या लसीनं नाकाच्या आतल्या अस्तरात फारशा अँटीबॉडी तयार होत नाहीत. म्हणजे नाकात विषाणू जिंकला, सर्दी-ताप आला. पण फुप्फुसं खराब व्हायला बहुतेकदा आठवडाभर लागतो आणि तोपर्यंत स्मृती पेशी पोचलेल्या असतात. टी पेशी तर विषाणूचे अनेक वेगवेगळे तुकडे ओळखतात, त्यामुळे विषाणूनं थोडं रूप बदललं तरी त्या पुरत्या फसत नाहीत. गोवरात उलटं आहे, तो अंगावर उमटायला दहा ते चौदा दिवस घेतो, स्मृतीला भरपूर वेळ मिळतो, म्हणून गोवराची लस आजार होऊच देत नाही असं आपल्याला दिसतं. सगळा खेळ वेळेचा आहे.

ही स्मृती किती टिकू शकते? १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली, लोकसंख्या ७,८०० च्या आसपास आणि त्यातले सुमारे ६,००० लोक आजारी पडले. पीटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरनं घरोघर फिरून नोंदी केल्या. त्याच्या लक्षात आलं की ज्या म्हाताऱ्यांना १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेला होता त्यातल्या एकालाही तो परत आला नाही. ६५ वर्षं! तेव्हा हे शिक्षण फक्त आजार भोगून मिळायचं, लसीत ते आजाराशिवाय मिळतं. सगळ्या विषाणूंच्या बाबतीत ते इतकं टिकत नाही, कोरोनाच्या बाबतीत तर नाहीच, म्हणून बूस्टर.

‘हॉस्पिटलमध्ये निम्मे पेशंट लस घेतलेलेच आहेत’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कागद घ्या. समजा १,००० लोक आहेत, ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. लस न घेतलेल्यांपैकी १० टक्के ॲडमिट झाले, म्हणजे १० जण. घेतलेल्यांपैकी १ टक्का, म्हणजे ९ जण. वॉर्डात जवळपास निम्मे-निम्मे दिसतील, पण धोका मात्र दहापट वेगळा. हे गणित मी दरवर्षी वर्गात फळ्यावर मांडते आणि दरवर्षी पोरं आधी चुकतात.

साइड इफेक्ट नसतातच असं मी म्हणणार नाही. काही लसींनंतर क्वचित रक्ताच्या गुठळ्या झाल्या, एमआरएनए लसींनंतर काही जणांना, जास्त करून तरुण मुलांना, हृदयाच्या स्नायूला सूज आली. हे लपवलं की लोकांचा विश्वास उडतो, उघड सांगून तुलना करायला हवी. त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हे ठेवा: पहिल्या एका वर्षात, ८ डिसेंबर २०२० पासून, कोरोनाच्या लसींमुळे जगभरात सुमारे १ कोटी ४४ लाख मृत्यू टळले असा संशोधकांचा अंदाज आहे.

आणि तरुण माणसानं का घ्यायची? माझ्या वर्गात एक मुलगी होती, किडनी ट्रान्सप्लांट झालेली. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यायची आहेत, त्यामुळे तिनं डोस घेतले तरी अँटीबॉडी जेमतेमच तयार झाल्या. लस घेतलेल्या माणसाकडून संसर्ग पुढे जाण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही आणि काही महिन्यांनी हा फायदा ओसरतोही, पण साथ ऐन भरात असताना तेवढंही फार असतं. तिच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या तिघींनी डोस कधी घेतला ते मला आठवतं, कारण तिघी एकाच दिवशी गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी तिघीही दंड धरून वर्गात आल्या होत्या.