विस्तार शिक्षण म्हणजे नुसती भाषणं?

प्रश्न: मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठातून चांगल्या गुणांनी बी.एस्सी. ॲग्री झाली. आता विस्तार शिक्षणात, म्हणजे शेतीचं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या शास्त्रात, एम.एस्सी. करायचं म्हणते. पाहुणे म्हणतात, एवढे गुण असताना कृषिविद्या (पीक लागवडीचं शास्त्र) घ्यावी, नाहीतर पुण्यात एमपीएससीला बसवा; विस्तार म्हणजे नुसती भाषणं. ‘रावे’च्या (शिक्षणातलाच गावात राहून कामाचा अनुभव घेण्याचा भाग) गावात बायकांना गोणपाटात सोयाबीन गुंडाळायला शिकवून आली, तेव्हापासून हे खूळ आहे. काय करावं?
– एक पालक, ता. औसा

उत्तर: नमस्कार. पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, तीही तक्रारीच्या सुरात लिहिलीत.

गोणपाटातली ती बियाण्याची उगवण तपासणी साधी असते. ओल्या पोत्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, गुंडाळी, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवडाभरात मोजायचं. शंभरातले सत्तर उगवले तर घरचं बियाणं चालतं, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. मग घरोघरी का होत नाही? बियाण्याच्या सोयाबीनची मळणी कमी वेगाने करावी, नाहीतर पातळ टरफल दुखावतं, हे गावात बहुतेकांना माहीत असतं. पण मळणीयंत्रवाल्याला पुढचं खळं गाठायचं असतं, तो तुमच्यासाठी वेग कशाला कमी करेल? बीबीएफ (रुंद वाफा-सरी) पेरणीचंही तेच. शिफारस उत्तम, पण वाफसा चार दिवसांचा आणि पेरणीयंत्र गावात एखादंच. इथे शेतकऱ्याला अडाणी म्हणून भागत नाही. शिफारस कुठे अडते ते शोधणं हेच विस्ताराचं काम.

भाषणांबद्दल पाहुणे अगदीच चुकीचे नाहीत. तसली भाषणं मीही पुष्कळ ऐकली आहेत. पण इंडोनेशियाची गोष्ट त्यांना सांगा. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांवर फवारण्या वाढल्या, तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक मेले, तुडतुडे आणखी माजले. 1986 मध्ये सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकऱ्याला कीड ओळखता येत नाही. म्हणून 1989 पासून शेतकऱ्यांचे गट हंगामभर दर आठवड्याला बांधावर बसवले, किडे मोजायला आणि फवारणीचा निर्णय स्वतः घ्यायला शिकवलं. आपल्याकडच्या शेतीशाळा त्याच मुळातून आल्या.

आता पोटापाण्याचं. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ व्हायला एम.एस्सी. लागते; मूळ वेतन 56,100 पासून, पण जागा मोजक्या आणि जाहिराती रेंगाळतात. केंद्र खाजगी संस्थेचं असेल तर भत्ते, पेन्शन आधी विचारून घ्या. प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा, पुढे पीएच.डी. बाकी सेवाभावी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, सरकारी प्रकल्प. यांतलं बरंचसं कंत्राटी. बँकेतलं कृषी अधिकारीपद आणि एमपीएससीची कृषी सेवा बी.एस्सी.वरही खुली आहे, त्यामुळे एम.एस्सी. करताना ती दारं बंद होत नाहीत. फक्त वयाकडे लक्ष ठेवा.

एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा (सीईटी) अर्ज भरण्याआधी एक करा. तिला ‘रावे’च्या त्याच गावात परत पाठवा. यंदा किती घरांनी गोणपाट ओलं केलं आणि बाकीच्यांनी का नाही, एवढंच विचारून यायला सांगा. दोन दिवसांत वही भरून आली तर खुशाल विस्तार घेऊ द्या. ‘लोक ऐकतच नाहीत’ म्हणत आली, तर कृषिविद्या आहेच.