आमदार व्हायचंय, पण पोटाचं काय?

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचं पत्र आलंय : "पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज बुडवून एका पुढाऱ्याच्या मागं फिरतो. एमपीएससीचं नाव काढलं की म्हणतो, मला आमदारच व्हायचंय. याला अडवू का जाऊ देऊ?"

दादा, अडवू नका. पण फिरतोय त्याला राजकारण समजू नका. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत फोटो येणं ही पहिली पायरी नव्हे, ती बहुतेकांची शेवटची असते.

आपल्या सांगली जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. अंजनीचे आर. आर. आबा, म्हणजे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, 1979 साली जिल्हा परिषदेवर गेले, तेव्हा बाविशीत होते. तासगावातून विधानसभेवर गेले 1990 ला. मधली अकरा वर्षं लोकांना 1990 नंतरचे आबा आठवतात म्हणून दिसत नाहीत. शिवाय गाठीला वकिलीची पदवी होती.

माझ्या एका कामासाठी मी एका आमदारांच्या अंगणात सकाळी सातपासून बसलो होतो. कुणाची विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळालेली, कुणाला म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन मिळेना, पाणंदीच्या (शेतरस्त्याच्या) वादातले दोन चुलतभाऊ एकमेकांकडं पाठ करून बसलेले. साहेब प्रत्येकाचा कागद वाचत, फोन लावत. दहाला उठले ते एका गावात रक्षाविसर्जनाला. तिथून दोन लग्नं. अधिवेशनात मुंबईला, हिवाळ्यात नागपूरला जायचं ते वेगळंच. सभागृहात मंत्र्यांना विचारायचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना यांची तयारी तिथं रात्री बसून. हे सगळं पाच वर्षं करून पुन्हा मतं मागायची.

पोराला आकडेही कळू द्या. राज्यात आमदार 288, त्यातले सांगलीचे आठ. वयाची अट 25, म्हणजे अजून वेळ आहे. निवडणूक खर्चाची कायदेशीर मर्यादा 40 लाख. जिल्हा परिषद, पंचायत समितीला वय 21 पुरे, पण तिथं आरक्षण फिरतं. तयारी केलेला गट (झेडपीचा मतदारसंघ) ऐनवेळी महिला राखीव निघाला की पाच वर्षं थांबा, नाहीतर घरातल्या बाईला उभं करा आणि सही तिचीच राहू द्या! आणि मोठ्या पक्षाचं तिकीट कुणाच्या हातात असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून उत्पन्न वेगळं हवं. ज्याचं पोट राजकारणावर, त्याला पहिल्याच पडझडीत ठेकेदाराच्या दारात जावं लागतं. बी.ए. पुरी करू द्या, मग सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी. कोर्टात उभं राहायची सवय सभागृहातही कामी येते. सुट्टीच्या दिवशी छाटणीला, फवारणीला बागेत आलाच पाहिजे, हे त्याला ठणकावून सांगा. एमपीएससी त्याच्यावर लादू नका. मन नसताना तीन-चार वर्षं पुण्यात खोली करून बसलेली पोरं मी रोज बघतो.

आणि एक परीक्षा घ्या. गावातलं एखादं रखडलेलं काम त्यानं स्वतः उचलावं, कुठल्याही नेत्याचं नाव न घेता. पाणंद असेल तर तहसीलला अर्ज, त्याच्या नोंदीचा आवक नंबर, पंधरा दिवसांनी फेरी, ग्रामसभेत विषय. सहा महिने चिकटून राहिला तर पोरात काहीतरी आहे असं समजा. तिसऱ्या फेरीला कंटाळला तर मला फोन करा, मग एमपीएससीचं बोलू.

पहिल्या अर्जाचा आवक नंबर मात्र मला नक्की कळवा.